चाळीत राहून मेन्स्ट्रुअल कप वापरता येतो का?

येतो. वर्ष उलटून गेलं, मी वापरते आहे, आणि पुन्हा पॅडकडे वळायचा माझा विचार नाही. पण कप घेण्याआधी मी जेवढी परीक्षणं वाचली, ती लिहिणाऱ्या प्रत्येकीच्या घरात स्वतःचं बाथरूम होतं, बेसिन होतं, कडी लावून हवा तेवढा वेळ आत थांबायची सोय होती. माझ्याकडे यातलं काही नाही. लालबागच्या चाळीतली एक खोली, खोलीत मोरी, आणि गॅलरीच्या टोकाला अख्ख्या मजल्याचे मिळून संडास. तशा घरातल्या बायकांसाठी हे लिहिते आहे. मुंबईत आपण काही थोड्याथोडक्या नाही.

कामाचं सांगायला हवं, कारण कप घेण्याचं कारणच ते आहे. मी एका पॅथॉलॉजी लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेते. फास्टिंगचं रक्त असलं की प्रत्येकाला पहिला नंबर हवा असतो, त्यामुळे सकाळी सहाला मी खांद्याला आइस बॉक्स लावून बाहेर पडलेली असते. काळाचौकी, शिवडी, परळ, कधी दादर, कधी वडाळा. एका घरातून दुसऱ्या घरात, दुपारी एकपर्यंत. पेशंटच्या घरी बाथरूम मागायला जीभ रेटत नाही. मागितलं आणि मिळालं, तरी भरलेलं पॅड टाकायचं कुठे? त्यांच्या डब्यात टाकता येत नाही, आपल्या पिशवीत ठेवावं तर त्याच पिशवीत सुया आणि ट्यूब. बाहेरच्या स्वच्छतागृहात कुठे नळाला पाणी नाही, कुठे पिशवी अडकवायला खिळा नाही, कचऱ्याचा डबा तर क्वचितच. बायकांना मोफत आणि स्वच्छ मुताऱ्या मिळाव्यात म्हणून या शहरात २०११ पासून ‘राइट टू पी’ची चळवळ चालू आहे. एवढ्या वर्षांनीही माझ्यासारख्या फिरतीच्या बायका सकाळी पाणी कमी पिऊन निघतात. हे मला आजही मान्य होत नाही.

मग पाळीच्या दुसऱ्या दिवशी काय व्हायचं? सगळ्यात मोठं पॅड लावायचं, कधी एकावर एक दोन, आणि पाच-सहा तास तसंच रेटायचं. जुलैत पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, आत पॅड भिजलेलं, मांड्यांना घासून घासून सालपटं निघालेली. खोबरेल तेल लावून झोपायचं, सकाळी परत तेच. ज्यांनी हे भोगलंय त्यांना जास्त सांगायला नको.

वस्तू अशी आहे: मऊ सिलिकॉनचा छोटा पेला, खाली एक दांडी. दुमडून योनीमार्गात घालायचा, आत तो उघडतो, त्याची कड चहूबाजूंनी चिकटून बसते आणि रक्त शोषलं न जाता पेल्यात साठतं. रिकामा करायचा, धुवायचा, परत घालायचा. चांगल्या कंपन्या पाच ते दहा वर्षं चालेल असं सांगतात. कल्पना नवी नाही. लिओना चाल्मर्स या अमेरिकन बाईंनी १९३७ साली याचं पेटंट घेतलं होतं, तेव्हा तो रबराचा होता. आपल्यापर्यंत यायला किती काळ गेला बघा.

मापाबद्दल दुकानात कोणी धड सांगत नाही. बॉक्सवर वय आणि बाळंतपण विचारून स्मॉल, मीडियम, लार्ज ठरवलेलं असतं. ते चुकीचं नाही, पण अपुरं आहे. गर्भाशयाचं मुख किती खाली आहे, हे त्याहून महत्त्वाचं. पाळी चालू असताना हात स्वच्छ धुऊन बोट आत घातलं की टोकाशी नाकाच्या शेंड्यासारखं काहीतरी टणक लागतं, तेच ते. बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंतच ते लागत असेल, तर लांब कप घेऊ नका, दांडी बाहेर टोचत राहील. माझं नॉर्मल बाळंतपण झालेलं, म्हणून मी लार्ज घेतला, पण उंचीला बुटका असलेला. दांडी नंतर थोडी कापली. ती कापता येते, फक्त कप बाहेर काढून कापायची आणि पेल्याच्या बुडाला कात्री लागू द्यायची नाही. सिलिकॉन किती कडक आहे तेही दाबून बघा. फार मऊ असेल तर आत गेल्यावर नीट उघडत नाही, फार कडक असेल तर लघवीच्या पिशवीवर दाब येतो आणि लघवी अडखळत होते.

सुरुवातीचे एक-दोन महिने शिकण्यात जातात आणि त्यात गळतं. त्याला इलाज नाही. बरोबर पॅड लावून ठेवायचं, आणि पहिला प्रयोग सुट्टीच्या दिवशी करायचा. दुमडायच्या पद्धती चार-पाच आहेत. मला जमली ती ही: कडेचा एक भाग बोटाने आत पेल्यात दाबायचा, म्हणजे टोक निमुळतं होतं. घालताना दिशा सरळ वर नाही, मागे माकडहाडाकडे. आत गेल्यावर बुडाभोवती बोट फिरवून बघायचं. गोल लागलं तर उघडलाय, खड्डा लागला तर अजून दुमडलेला आहे, थोडा फिरवायचा. काढताना दांडी धरून ओढायचं नाही. आधी बुडाला चिमटा घ्यायचा, हवा आत शिरते, पकड सुटते, मग एका बाजूने कलता करून हळू काढायचा. घाबरून स्नायू आवळले की तो वर सरकल्यासारखा वाटतो. तो हरवू शकत नाही, कारण वर गर्भाशयाचं मुख आहे आणि त्यातून कप जात नाही. श्वास सोडायचा, शौचाला कुंथतो तसं थोडं कुंथायचं, तो खाली येतो.

आणि इथे आपला भारतीय पद्धतीचा संडास, आपली मोरी, कामाला येते. उकिडवं बसलं की योनीमार्ग आखूड होतो आणि कप हाताशी येतो. कमोडवर बसून ज्या बायका धडपडतात, त्यांनाही डॉक्टर उकिडवं बसायलाच सांगतात. लहानपणापासून आपण तसेच बसतो, तेव्हा ही गोष्ट आपल्याला सोपी जाते.

आता खरा प्रश्न, मजल्यावरच्या संडासात हे करायचं कसं? मी करतच नाही. रांग लागलेली, बाहेरून कोणीतरी दार वाजवतंय, एका हातात टमरेल, आणि कप निसटला तर थेट भांड्यात. कप काढणं-घालणं सगळं मोरीतच, अंघोळीच्या वेळी. कप जास्तीत जास्त बारा तास ठेवायचा असतो, काही कंपन्या आठच सांगतात. मी पहाटे पाच वाजता, बाकी घर झोपलेलं असताना, पडदा ओढून अंघोळ करते तेव्हा काढते, धुते, घालते. रात्री झोपण्याआधी परत. रक्त जास्त जाणाऱ्या दिवसांत दुपारी घरी आल्यावर एकदा. पाण्याची वेळ पहाटेची, त्यामुळे पिंप भरलेलं असतं. एक तांब्या हात धुवायला, एक कप धुवायला, तेवढं पुरतं. बाहेर असताना त्याला हातच लावावा लागत नाही. सहा ते एकमध्ये मला संडास मिळाला नाही, तरी पाळीपुरती माझी अडचण होत नाही. कपाने मला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट ही आहे. ज्यांच्याकडे दिवसभर संडास नाही, त्यांनाच त्याची खरी गरज आहे.

मोरीवरून घरात बोलणं झालंच. त्याच मोरीत आमची भांडी घासली जातात. सासूबाई म्हणाल्या, “अगं, तिथे रक्त सांडायचं आणि तिथेच ताटं घासायची, हे मला नाही चालायचं.” त्यांचं म्हणणं मला पटलं. मी झाकणाचा एक प्लॅस्टिकचा मग वेगळा आणला. कप त्यात रिकामा करायचा, पहिलं धुणंही त्यातच, आणि झाकण लावून संडासला जाताना न्यायचा. उकळायचं भांडंही वेगळं, स्टीलचं छोटं पातेलं, त्याला हँडलवर लाल दोरा बांधलाय म्हणजे चहाला कोणी घेणार नाही. पाळी सुरू होण्याआधी आणि संपल्यावर पाचेक मिनिटं उकळते पाण्यात. कप बुडाला चिकटून करपू नये म्हणून तो स्टीलच्या गाळणीत ठेवते. कोरडा करून सुती पुरचुंडीत ठेवायचा. घट्ट झाकणाच्या डबीत ठेवला तर मुंबईच्या दमट हवेत वास धरतो.

सासूबाईंनी पातेल्याकडे बघत विचारलं, “हा वाळायला किती वेळ लागतो?” पुसला की वाळला, असं म्हटल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “आम्ही कापडाच्या घड्या धुवायचो, आणि गॅलरीत कोणाला दिसू नयेत म्हणून साडीच्या आत वाळत घालायचो. पावसाळ्यात चार दिवस ओल जायची नाही, तशाच घ्यायचो.” त्या दिवसानंतर त्यांनी मोरीचा विषय काढला नाही. पहाटे मी उठायच्या आत त्या माझ्यासाठी पाणी तापत ठेवतात.

आता त्या गोष्टीबद्दल, जी मला वाटतं माझ्या कामामुळेच मला लगेच दिसली. कप मोजतो. माझ्या कपावर आतून मिलिलिटरच्या रेघा आहेत. सीबीसीसाठी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीसाठी, मी जी जांभळ्या टोपीची ट्यूब भरते, ती दोन-तीन मिलीची. आयुष्यभर दुसऱ्यांचं रक्त मोजून लेबल लावत आले, आणि आपलं महिन्याला किती जातं हे मला ठाऊक नव्हतं. कोणत्याच बाईला ठाऊक नसतं. एका पाळीत साधारण तीस-चाळीस मिली जातं, म्हणजे अशा बारा-पंधरा ट्यूब. ऐंशीच्या वर गेलं तर डॉक्टर त्याला जास्त रक्तस्राव मानतात. पॅडवरून हे कळत नाही. डॉक्टर विचारतात, “दिवसाला किती पॅड लागतात?” एक बाई वास येतो म्हणून तीन तासांनी बदलते, दुसरी परवडत नाही म्हणून दिवसभर एकच ठेवते. उत्तर दोघींचं वेगळं, रक्त कदाचित तेवढंच.

मी प्रत्येक वेळी रिकामा करताना आकडा कॅलेंडरवर चौकोनात लिहायला लागले. कपात नुसतं रक्त नसतं, अस्तराचे तुकडे आणि इतर स्रावही असतात, तेव्हा तो लॅबचा आकडा नव्हे. पण दर महिन्याला तोच कप, तीच बाई, तेव्हा कमी-जास्त झालेलं दिसतं. माझी बेरीज ऐंशीच्या वर जात होती. आमच्या लॅबमध्ये रिपोर्ट बघणाऱ्या डॉक्टरबाईंना कॅलेंडरचा फोटो दाखवला. त्यांनी हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याची तपासणी, करायला सांगितलं. हिमोग्लोबिन जेमतेम बारा, म्हणजे कागदावर ठीक. फेरिटिन तळाला. शरीरातला लोहाचा साठा आधी संपतो, हिमोग्लोबिन नंतर पडतं, हे मी शिकलेली आहे, पण स्वतःवर कधी लावून पाहिलं नव्हतं. गोळ्या चालू झाल्या, सोनोग्राफी झाली, गाठ वगैरे काही निघाली नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय निघाला. मला त्याचं नवल वाटत नाही, रोज सकाळी मी त्यांच्याच दंडाला पट्टा बांधते. आठ, साडेआठ हिमोग्लोबिन घेऊन बायका जिने चढतात, पाण्याचे हंडे उचलतात आणि “मला काही होत नाही हो” म्हणतात. पाळीत किती जातं विचारलं की उत्तर ठरलेलं, “सगळ्यांना जातं तेवढंच.” त्यांच्यापैकी कोणाच्या हातात मोजायचं साधन कधी आलंच नाही. कपाबद्दल मला सगळ्यात जास्त जर काही बोलायचं असेल तर ते हेच आहे.

कचऱ्याचं थोडक्यात. आमच्या मजल्याचा कचरा एक मावशी हाताने उचलतात. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पॅड ओल्या कचऱ्यात सुटलं की ते त्यांच्या हाताला लागतं. २०१६च्या घनकचरा नियमांतच ते नीट गुंडाळून वेगळं द्यावं असं लिहिलेलं होतं. २०२५ मध्ये महापालिकेने सॅनिटरी कचरा वेगळा उचलायची सेवाही सुरू केली, त्यासाठी नोंदणी करावी लागते. ज्यांना पॅडच वापरायचं आहे, त्यांनी आपल्या इमारतीची नोंदणी करून घ्या. माझ्याकडून आता मावशींच्या हातात काही जात नाही, याचं मला मनापासून समाधान आहे.

पैशांचं गणित सोपं आहे. मोठं पॅड आठ रुपयांना धरलं आणि महिन्याला पंधरा, तर वर्षाचे चौदाशे चाळीस. कप मला चारशेच्या आत पडला. तीन-चार महिन्यांत वसूल.

हा सगळ्यांसाठी आहे असं मी म्हणणार नाही. माझ्या जाऊबाईंनी तांबी बसवलेली आहे. कप काढताना तांबीचा दोरा ओढला जाऊन ती सरकू शकते, म्हणून त्यांना मी आधी डॉक्टरांना विचारायला लावलं. अंग बाहेर येण्याचा त्रास असेल, योनीमार्गात जंतुसंसर्ग चालू असेल, बाळंत होऊन थोडेच दिवस झाले असतील, तर घाई नको. आत काहीही घालताना ज्यांना तीव्र दुखतं, त्यांनी दातओठ खात बसू नये, त्या दुखण्याचीच तपासणी करून घ्यावी. टॉक्सिक शॉक सिंड्रोम हा गंभीर आजार कपानेही होऊ शकतो. अगदी क्वचित, पण नोंदी आहेत. एकाएकी मोठा ताप, अंगावर पुरळ, उलट्या, चक्कर असं झालं तर कप काढून थेट हॉस्पिटल गाठायचं. नखं कापलेली हवीत. हात साबणाने धुतल्याशिवाय कपाला हात नाही, मग घाई कितीही असो.

ननंदेची मुलगी दहावीत आहे. तिला हवा होता, ननंद म्हणाल्या, “लग्नाआधी नको बाई.” मी त्यांना एवढंच सांगितलं की योनिपटल खेळताना, सायकल चालवतानाही ताणलं जातं आणि त्यावरून मुलीबद्दल काहीही ठरत नाही. पण पोरीला स्वतःला अजून भीती वाटते आहे, तेव्हा तिने घाई करू नये असंच माझंही मत आहे. ती सध्या धुऊन वापरायची कापडी पॅड वापरते, तीही चांगली आहेत, वाळत घालायला ऊन मिळालं तर.

२०१९ साली ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये ४३ अभ्यासांचा आढावा आला होता, तीन हजारांवर बायका-मुलींचा. गळती पॅडइतकीच किंवा कमी, आणि शिकून झाल्यावर सुमारे सत्तर टक्के जणींना पुढेही कपच हवा होता. म्हणजे तीस टक्के जणींना नको होता, हेही लक्षात घ्यावं. केरळात एर्नाकुलम जिल्ह्यातल्या कुंबळंगी पंचायतीने बायकांना कप मोफत दिले, आणि २०२२ मध्ये ती देशातली पहिली सॅनिटरी नॅपकिनमुक्त पंचायत जाहीर झाली. नुसते कप वाटून ते झालं नाही, आधी बायकांना गोळा करून शिकवलं. आपल्या महापालिकेच्या आरोग्यसेविका आमच्या चाळीत घरोघरी येतात, बायका त्यांच्याशी मोकळं बोलतात. त्यांच्याकडून हे काम मुंबईतही होऊ शकतं आणि व्हायला हवं. लॅबमधून सुटी काढून शिकवायला मी जाईन.

घेताना बॉक्सवर मेडिकल ग्रेड सिलिकॉन लिहिलंय का आणि आत मराठी किंवा हिंदीत माहितीपत्रक आहे का ते बघा. मोजायच्या रेघा असलेलाच घ्या. शक्यतो पारदर्शक किंवा फिका रंग, म्हणजे कडेच्या छोट्या भोकांत काही अडकलं तर दिसतं. ती भोकं बंद झाली तर पकड नीट बसत नाही. पाण्याने भरलेला कप तळव्यावर उलटा दाबला की ती साफ होतात.